फाउंटन पेनात पक्की शाई भरावी का? नव्यानं सुरुवात करणाऱ्यांसाठी

फाउंटन पेन वापरायला लागल्यावर थोड्याच दिवसांत एक शंका डोकं वर काढते: उद्या यावर पाणी सांडलं तर? मग 'परमनंट', 'वॉटरप्रूफ', 'डॉक्युमेंट', 'आर्काइव्हल' अशी लेबलं लावलेल्या बाटल्या खुणावू लागतात. चौकशी केली तर एक जण सांगतो, असली शाई भरलीत की पेन बाद झालंच म्हणून समजा. दुसरा सांगतो, मी वर्षानुवर्षं हीच वापरतोय, काही होत नाही. दोघंही खरंच बोलत असतात, फक्त त्यांच्या पेनांत वेगवेगळ्या जातीची शाई असते.

माझं मत आधीच सांगून टाकतो. रोजच्या टिपणांना, कच्च्या खर्ड्यांना, कपाटात राहणाऱ्या वहीला पूर्ण पक्क्या शाईची गरज नसते. तिथं पाण्याला बऱ्यापैकी तोंड देणारी साधी शाई पुरते. पाकिटावरचा पत्ता, सही, नोंदवही, जलरंगाखालचं रेखाटन या कामांना मात्र पक्की शाईच हवी, आणि तिच्यासाठी एक पेन वेगळं काढून ठेवावं. ती कुठली घ्यायची, कुठल्या पेनात भरायची आणि भरल्यावर काय पथ्य पाळायचं, ते आता क्रमानं पाहू.

पायरी १: आधी धोका कुठला ते ठरवा

शाईला चार गोष्टींपासून धोका असतो: पाणी, उजेड, रसायनं आणि घासणं. एकीला पुरून उरलेली शाई दुसरीपुढं सपशेल हरू शकते. नळाखाली धरली तरी न हलणारी एखादी रंगीत शाई खिडकीतल्या उन्हात काही आठवड्यांत फिकी पडते. उलट काजळीची काळी शाई उन्हाला दाद देत नाही, पण गुळगुळीत कागदावर बोट फिरवलं तर पुसट डाग पडतो.

म्हणून 'परमनंट' एवढ्या एका शब्दावर बाटली घेऊ नका. पार्करची क्विंक शाई १९३१ साली आली, तेव्हापासून ती 'परमनंट' आणि 'वॉशेबल' (धुतली की निघणारी) अशा दोन्ही प्रकारांत विकली गेली. त्यातली परमनंट म्हणजे पाण्यात न जाणारी, असं समजून चालणारा फसतो. ती वॉशेबल शाईपेक्षा जास्त टिकते, इतकंच.

लेबलवर एखादं मानक दिलेलं असेल तर ते वाचा. रोलरबॉल पेनांसाठी आयएसओ १४१४५-२ आणि बॉलपेनांसाठी आयएसओ १२७५७-२ अशी मानकं आहेत. दस्तऐवजी वापराच्या शाईला त्यात पाणी, उजेड, अल्कोहोल, आम्ल, अमोनिया, ब्लीच आणि खोडरबर अशा सगळ्या परीक्षा द्याव्या लागतात. फाउंटन पेनच्या शाईवर यांचा उल्लेख असेल, तर कुणीतरी ती खरोखर तपासली आहे असं धरायला हरकत नाही. नुसतं 'वॉटर रेझिस्टंट' लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ तुम्हालाच तपासून घ्यावा लागतो. कसा, ते पुढं येईलच.

आता स्वतःला विचारा: माझ्या लिखाणाला नेमकं काय होण्याची शक्यता आहे? वहीवर पाणी सांडणं, घामट हात फिरणं, हायलायटर मारल्यावर अक्षरं पसरणं, यासाठी ओळ वाचता येण्याइतकी टिकली तरी भागतं. सही कुणी पुसून बदलू नये असं वाटत असेल तर रसायनांना तोंड देणारी शाई लागते. चित्रावर ओला ब्रश फिरवायचा असेल तर रेषेचा कणही हलता कामा नये. या तीन गरजांची उत्तरं वेगळी आहेत. आणि खरं सांगायचं तर वह्या भिजण्यापेक्षा हरवतातच जास्त. त्यावर कुठलीच शाई चालत नाही.

पायरी २: बाटलीत काय आहे ते ओळखा

साध्या शाईत बहुतांश पाणी असतं. त्यात विरघळलेला रंग म्हणजे डाय, शाई नीट वाहावी म्हणून थोडं ओलावा देणारं द्रव्य, आणि बुरशी धरू नये म्हणून संरक्षक. डाय पाण्यात विरघळलेला असतो, म्हणूनच कागदावर वाळल्यावर पुन्हा पाणी लागलं की सुटतो. हीच गोष्ट पेनाच्या पथ्यावर पडते: आत वाळली तरी पाण्यानं निघते. पक्क्या शाईत आपण हा सौदा उलटा करतो. कागदावरून निघू नये यासाठी तिला जे काही शिकवलेलं असतं, ते ती पेनातही कमीजास्त प्रमाणात करते. किती, हे जातीवर ठरतं.

पहिली जात म्हणजे लोहयुक्त शाई, इंग्रजीत आयर्न गॉल म्हणतात ती. मायफळातलं टॅनिन आणि हिराकस यांच्यापासून ही शाई करत. युरोपात शतकानुशतकं दस्तऐवज हिनंच लिहिले गेले. गंमत अशी की ताजी असताना ती फिकट असते. लिहिल्यावर हवेतला ऑक्सिजन लागतो, लोहाचं रूप बदलतं, आणि पाण्यात न विरघळणारं गडद संयुग कागदाच्या तंतूंतच तयार होतं. लिहिताना अक्षर दिसावं म्हणून तिच्यात निळा डाय घालतात. निळी लिहिली जाणारी आणि काळी होत जाणारी, म्हणून ती ब्लू-ब्लॅक. आज मात्र ब्लू-ब्लॅक हे बहुतेकदा नुसतं रंगाचं नाव असतं. पेलिकन ४००१ ब्लू-ब्लॅक आणि प्लॅटिनमची ब्लू-ब्लॅक यांत लोह आहे, क्विंकच्या ब्लू-ब्लॅकमध्ये नाही. रोरर अँड क्लिंगनरच्या सॅलिक्स आणि स्कॅबिओसा याही लोहयुक्त, आणि प्लॅटिनमच्या 'क्लासिक' मालिकेत रंगीत लोहयुक्त शाया मिळतात. इंग्लंडात जन्म-मृत्यू-विवाहाच्या नोंदवह्यांसाठी 'रजिस्ट्रार्स इंक' नावानं जी शाई वापरत, ती याच जातीची, पण बरीच तीव्र.

या शाईवर पाणी पडलं तर निळा डाय वाहून जातो आणि मागं करडी-काळी ओळ उरते. पान कुरूप दिसतं, पण वाचता येतं. ब्लीचपुढं ती कमी पडते. ओळ तांबूस-पिवळी पडते, गंजाच्या डागासारखी. जुन्या हस्तलिखितांत शाईनं कागद खाल्ल्याचं तुम्ही ऐकलं असेल. ते खरं आहे, पण ते जास्त आम्ल आणि जास्त लोह असलेल्या जुन्या कृतींमुळं. फाउंटन पेनसाठीच्या आजच्या शाया खूप सौम्य असतात.

माझ्या मते नवख्या माणसासाठी हीच सगळ्यात दुर्लक्षिलेली जात आहे. हलकी लोहयुक्त शाई साध्या कागदावरही फारशी फुटत नाही, पाठीमागं उतरत नाही, चटकन वाळते आणि थोडी शिस्त पाळली तर पेनाला त्रास देत नाही. रंग जरा रुक्ष वाटतो, हे मान्य.

दुसरी जात पिगमेंटची. इथं रंग विरघळलेला नसतो, त्याचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. पाणी उडालं की कण कागदाच्या तंतूंत अडकून बसतात. प्लॅटिनमची कार्बन ब्लॅक, सेलरची किवागुरो आणि सेई-बोकू, डे अ‍ॅट्रामेंटिसच्या 'डॉक्युमेंट' शाया, रोरर अँड क्लिंगनरच्या 'स्केचइंक' या सगळ्या याच गटातल्या. पाणी, उजेड आणि रसायनं या तिन्हींना एकत्र पुरून उरणारी कुठली म्हणाल, तर कार्बनची काळी शाई. कार्बनला ना ऊन फिकं करत, ना ब्लीच. जलरंगात काम करणाऱ्यांना दुसरं काही सुचवण्यात अर्थच नाही.

पण एकदा वाळले की हे कण पुन्हा पाण्यात सहज मिसळत नाहीत. कागदावर हाच गुण आणि फीडच्या, म्हणजे निबेखालच्या शाई पुरवणाऱ्या भागाच्या, बारीक खाचांत हाच अवगुण. 'पेन बाद झालं' म्हणणाऱ्या माणसाचं पेन नव्याण्णव टक्के याच जातीच्या शाईनं भरलेलं आणि मग ड्रॉवरमध्ये विसरलेलं असतं.

तिसरी जात कागदाशी, नेमकं सांगायचं तर कागदातल्या सेल्युलोजशी, रासायनिक बंध बांधते. नूडलर्सच्या 'बुलेटप्रूफ' म्हणून विकल्या जाणाऱ्या शाया या प्रकारच्या, आणि त्यांतली काळी सगळ्यात परिचित. यातली खुबी लक्षात घ्या: फीड प्लॅस्टिकचं आणि निब धातूची, त्यांत सेल्युलोज नाही, म्हणून तिथं ती घट्ट चिकटत नाही. आत वाळली तरी पिगमेंटपेक्षा सहज निघते. हातावर सांडली तर एकदोन दिवसांत जाते, कारण त्वचा प्रथिनांची. सुती सदऱ्यावर सांडली तर मात्र सदरा विसरा, कारण कापूस म्हणजे सेल्युलोजच.

हिचा दोष कागदावर दिसतो. गुळगुळीत, लेप दिलेल्या कागदात शाई तंतूंपर्यंत पोचत नाही, वरच राहते, आणि दुसऱ्या दिवशीही बोटाला लागते. शिवाय मिश्रणांच्या बाबतीत सावध राहा: काही रंगांत एकच घटक पक्का असतो. पाणी लागलं की उरलेले घटक निघून जातात आणि जांभळ्याची करडी ओळ होते. नूडलर्सच्याच 'बेस्टेट' मालिकेला हे नियम लागू नाहीत. तिच्यातला निळा फीड आणि पारदर्शक पेन रंगवून टाकण्याबद्दल प्रसिद्ध आहे, आणि तिला दुसऱ्या शायांत मिसळायचं नसतं. सुरुवातीला तिच्या वाटेला जाऊ नका.

आणि एक जात फाउंटन पेनात कधीच घालायची नाही: बोरूनं किंवा टाकानं लिहिण्याची इंडिया इंक. तिच्यात लाख किंवा अ‍ॅक्रिलिकसारखं बांधून ठेवणारं द्रव्य असतं, ते वाळलं की पेनात पापुद्रा धरतं. बाटलीवर 'फाउंटन पेनसाठी' असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर ती परत ठेवा. पेलिकनची 'फाउंट इंडिया' नावाला इंडिया असली तरी फाउंटन पेनसाठी केलेली आहे, हा अपवाद.

पायरी ३: पेन निवडा

पक्क्या शाईसाठी आवडतं, महागडं किंवा वारशानं आलेलं पेन नको. तुम्हाला हवं ते असं: कन्व्हर्टर (शाई ओढून घेणारी सुटी नळी) बसणारं, म्हणजे भाग वेगळे करून धुता येतं. निब आणि फीड ओढून काढता येणारं असेल तर फारच छान. निब चांगल्या स्टेनलेस स्टीलची किंवा सोन्याची. लोहयुक्त शाई आम्लधर्मी असते, आणि जुन्या साध्या पोलादी निबा ती खाते.

सगळ्यात महत्त्वाचं टोपण. ते हवाबंद बसत नसेल तर बाकी सगळं व्यर्थ, कारण पक्क्या शाईची भानगड सुरू होते ती निबेवर शाई सुकण्यापासून. प्लॅटिनमच्या 'स्लिप अँड सील' टोपणात आतलं छोटं टोपण स्प्रिंगच्या जोरावर निबेभोवती दाबून बसतं. त्यांच्या ३७७६ सेंच्युरीतही ते आहे आणि स्वस्तातल्या प्रेपीतही. कार्बन ब्लॅक भरून पाहायची असेल तर प्रेपीसारखं पेन उत्तम. बिघडलं तरी जीव जळत नाही. त्याच कंपनीचं कार्बन शाईसाठी केलेलं डेस्क पेनही मिळतं, बारीक रेषा काढणाऱ्यांना ते फार आवडतं.

टाळायची पेनं: पार्कर ५१ सारखी झाकलेल्या निबेची, ज्यांच्या आत शाई साठवणाऱ्या पातळ पट्ट्यांची गुंतागुंत असते. रबराच्या पिशवीची जुनी पेनं. सहज न उघडणारी पिस्टनची पेनं. आणि पारदर्शक पेन, जर त्याची काच-स्वच्छता तुम्हाला प्रिय असेल.

पायरी ४: तुमच्याच कागदावर तपासा

दुसऱ्यानं काढलेले नमुने पाहून निर्णय घेऊ नका. शाई, निब आणि कागद या तिघांचं मिळून काय होतं तेच खरं. शक्य असेल तर आख्ख्या बाटलीआधी छोटा नमुना मिळवा.

नेहमीच्या वहीचं एक पान घ्या. पेन्सिलीनं चौकोन आखा आणि चौकोनांची नावंही पेन्सिलीनंच घाला. पेन्सिलीचा ग्राफाइट पाण्याला भीक घालत नाही, आणि खरं तर पावसात टिपणं घ्यायची असतील तर पेन्सिलीइतकं भरवशाचं दुसरं साधन नाही. प्रत्येक चौकोनात तेच वाक्य, त्याच पेनानं. खाली एक आडव्या-उभ्या रेषांची जाळी काढा, जिथं रेषा एकमेकींना छेदतात तिथं शाई दाट बसते आणि तिचं पितळ तिथंच आधी उघडं पडतं. मग एक दिवस पान तसंच राहू द्या. शाई लोहयुक्त असेल तर दुसरं पान आठवडाभर ठेवा, कारण तिची पक्की अवस्था यायला वेळ लागतो. लिहून पाच मिनिटांनी पाणी टाकून तिला नापास करू नका.

पहिल्या चौकोनावर ड्रॉपरनं पाण्याचा एक टपोरा थेंब ठेवा. वाकून बघा. वॉशेबल शाई असेल तर काही सेकंदांत थेंबाच्या आत निळसर धूर उठायला लागतो आणि अक्षराच्या कडा सुटतात. लोहयुक्त शाईत थेंब निळा होतो खरा, पण खाली अक्षराचा गडद सांगाडा जागचा हलत नाही. पिगमेंटवरचा थेंब काचेसारखा स्वच्छ राहतो, अक्षर उलट भिंगाखाली धरल्यागत ठळक दिसतं. मिनिटभरानं टिपकागदाचं टोक लावून पाणी शोषून घ्या, घासू नका. टिपकागदावर काय उतरलं तेही पाहा. वाळल्यावर थेंबाच्या जागी रंगीत कडं उरलं असेल तर तेवढा डाय सुटला.

दुसरा चौकोन कापून नळाखाली धरा. तिसऱ्यावर ओलं बोट घासा, चौथ्यावर हायलायटर मारा. पाचव्यावर हात निर्जंतुक करायचं अल्कोहोलवालं द्रव शिंपडा. हे आजकाल टेबलावर सांडतंच, आणि पाण्याला न हटणारे काही डाय अल्कोहोलला मात्र लगेच शरण जातात. सहावा चौकोन अर्धा जाड पुठ्ठ्यानं झाकून उन्हाच्या खिडकीला चिकटवा आणि काही आठवड्यांनी पुठ्ठा काढून दोन भाग शेजारी ठेवून बघा. वही कपाटात बंदच राहणार असेल तर ही शेवटची चाचणी सोडून दिली तरी चालेल. बंद वहीत साध्या शाईची अक्षरंही अनेक दशकं टिकतात.

जलरंगवाल्यांनी ओला ब्रश रेषेवरून मागं-पुढं फिरवावा आणि रंग मळतो का पाहावं. आणि पाणी टाकायच्या आधी कोरडं बोट फिरवायला विसरू नका. बोट काळं झालं तर तो कागद आणि ती शाई यांचं जमत नाही.

पायरी ५: भरताना आणि वापरताना

पेन आधी स्वच्छ धुऊन वाळवून घ्या. आधीच्या शाईचे दोन थेंब आत राहिले तरी गोंधळ होऊ शकतो: लोहयुक्त शाई आम्लधर्मी, बऱ्याच इतर शाया अल्कधर्मी. दोन्ही भेटल्या की गाळ बसतो, आणि तो फीडमध्ये बसतो. याच कारणानं पक्क्या शाया एकमेकींत मिसळून नवा रंग करायचा मोह आवरा. निर्मात्यानं स्वतःच मिसळण्यासाठी केलेली मालिका असेल तर गोष्ट वेगळी.

निब थेट मोठ्या बाटलीत बुडवण्यापेक्षा थोडी शाई छोट्या कुपीत काढून तिथून भरा. निबेबरोबर जाणारा कागदाचा तंतू, धूळ, जुनी शाई हे सगळं बाटलीत जायला नको. पिगमेंटची बाटली भरण्याआधी हलकेच दोनदा उलटी-सुलटी करा, कण खाली बसलेले असतात. लोहयुक्त बाटलीच्या तळाशी गाळ दिसला तर मात्र हलवू नका. हवा लागून शाई म्हातारी झालेली असते. थोडाच असेल तर वरची शाई अलगद काढून घ्या, जास्त असेल तर बाटली टाकून द्या. या बाटलीचं झाकण भरून झाल्याबरोबर घट्ट लावायची सवय हवी.

पेन निम्मंच भरा. पक्क्या शाईचं पेन रोज नाही तरी दोन-तीन दिवसांनी हातात घेतलं पाहिजे. एवढं होणार नसेल तर ते भरूनच ठेवू नका, लागेल तेव्हा भरा. विचार करताना टोपण काढून बसायची सवय असेल तर तीही मोडावी लागेल. संपत आली की वरून भर न घालता आधी धुवा, मग भरा. पिगमेंटला दर भरणीला धुणं, लोहयुक्तला महिन्याभरात एकदा, सेल्युलोजवालीला तितपतच, एवढं पथ्य पुरतं. प्रवाह बारीक झाल्यासारखा वाटला, पहिला फटका कोरडा जायला लागला, तर ती सूचना समजा आणि त्याच दिवशी धुवा.

पायरी ६: धुणं

साधं पाणी, खोलीच्या तापमानाचं. गरम पाणी नको, जुन्या एबोनाइटचा (कडक रबराचा) रंग त्यानं उडतो आणि काही प्लॅस्टिकं वाकतात. अल्कोहोल आणि अ‍ॅसिटोन पेनाच्या जवळही आणू नका, ती कित्येक प्लॅस्टिकं विरघळवतात. कन्व्हर्टर काढून, रबरी पिचकारीनं मागच्या बाजूनं पाणी दाबत राहा. साधी शाई असते तेव्हा पाणी हळूहळू फिकं होत जातं. पिगमेंटच्या वेळी मात्र पाणी स्वच्छ यायला लागल्यासारखं वाटतं, आणि पेलाभर पाण्यात निब उभी ठेवली की थोड्या वेळानं फीडच्या पट्ट्यांतून काळे धागे सुटून तळाशी जाताना दिसतात. ते थांबेपर्यंत धुणं झालेलं नाही.

नुसत्या पाण्यानं भागलं नाही तर पुढचा उपाय जातीप्रमाणं वेगळा, आणि इथं अदलाबदल चालत नाही.

पिगमेंट आणि सेल्युलोजवाल्या शाईला: एक भाग घरगुती अमोनिया, दहा भाग पाणी, भांडी धुण्याच्या द्रवाचा एक थेंब. यात काही मिनिटं फीड हलवा, मग भरपूर पाण्यानं धुवा. अ‍ॅल्युमिनियमचे भाग यात बुडवू नका.

लोहयुक्त शाईला: अमोनिया नको, अल्कात लोह उलट गाळ होऊन बसतं. आधी साध्या पाण्यानं नीट धुवा. तरी तपकिरी डाग राहिले तर पाण्यात चिमूटभर क जीवनसत्त्व (व्हिटॅमिन सी) विरघळवून त्यात निब आणि फीड थोडा वेळ ठेवा. ते लोहाला पुन्हा विरघळणाऱ्या रूपात आणतं आणि डाग डोळ्यांदेखत फिका होतो. नंतर पुन्हा पाणी.

ब्लीच लोहयुक्त शाईवर कधीही नाही. आणि कुठल्याही परिस्थितीत ब्लीच अमोनियाशी किंवा आम्लाशी भेटता कामा नये, त्यातून विषारी वायू निघतात. पेनापेक्षा फुप्फुसं महत्त्वाची.

कुणी काय घ्यावं

विद्यार्थी, रोज पानंच्या पानं लिहिणारे, हायलायटरवाले: पाण्याला बऱ्यापैकी तोंड देणारी ब्लू-ब्लॅक, शक्यतो हलकी लोहयुक्त. पत्ते आणि सह्यांसाठी: सेल्युलोजशी बंध बांधणारी काळी, शोषणाऱ्या कागदावर. गुळगुळीत कागदावर सही करायची असेल तर पिगमेंटची जेल पेन सरळ हातात घ्या, त्यात कमीपणा काही नाही. चित्रकारांसाठी पिगमेंट. रोजनिशी लिहिणाऱ्यांना वरच्यांपैकी कुठलीही चालेल, आणि आवडता रंग धुऊन जाणाराच असेल तर तोही चालेल. महिन्यातून एकदा पेन उचलणाऱ्यानं पक्क्या शाईच्या फंदात पडू नये.

तरीही आत वाळलीच तर

जोर लावून निब उपटू नका. निबेचा भाग रात्रभर साध्या पाण्यात बुडवून ठेवा, पाणी काळं झालं की बदला. हे दोन-तीन दिवस चालू द्या. त्यानंतर शाईच्या जातीप्रमाणं वर दिलेलं द्रावण. निब आणि फीड सैल झाली की कापडात धरून सरळ ओढा, पीळ देऊ नका. फीडच्या मधल्या खाचेत पातळ प्लॅस्टिकची पट्टी किंवा मऊ टूथब्रश फिरवा. सुई किंवा ब्लेड घातलंत तर खाच रुंद होते आणि मग पेन कायमचं गळतं. अल्ट्रासॉनिक यंत्र हाताशी असेल तर नुसत्या पाण्यात एक-दोन मिनिटांच्या फेऱ्या द्या आणि दर फेरीनंतर पाणी पाहा. एवढं करूनही खाचेतून पाणी वाहत नसेल तर निब आणि फीडचं युनिट नवं बसवा. ते सुटं मिळत नसेल, तर दुसरं पेन घेताना आधी ते मिळतं का एवढं विचारून घ्या.